पाण्याच्या वेळापत्रकावर: रेकाँग पिओ ते ग्रामफू, स्पितीच्या खडीवरून सायकलने

वाळवंट म्हटले की पाण्याचा अभाव एवढेच मनात येते. हिमाचल प्रदेशातील स्पितीचे खोरे सायकलने ओलांडून आल्यावर मात्र माझी खात्री पटली आहे की, या शीत वाळवंटात निघण्याची वेळ, मुक्कामाची जागा आणि रस्त्याची अवस्था हे सारे पाणीच ठरवते. मान्सूनचे ढग पीर पंजाल रांगेच्या दक्षिण उतारांवर रिते होतात आणि पलीकडे पाऊस जेमतेम पोहोचतो. त्यामुळे तिथले पाणी म्हणजे हिवाळ्यात साठलेला बर्फ आणि वरच्या हिमनद्या. हे पाणी रात्री गोठते, सकाळी ओसरलेले असते आणि ऊन चढले की वितळून दुपारी रस्त्यावर येते. पहाटे निघावे आणि दुपारच्या आत मुक्कामाला पोहोचावे, ही एकच शिस्त आम्ही एक-दोन अपवाद वगळता संपूर्ण प्रवासात पाळली आणि तिच्यामुळेच तो नीट पार पडला.

आमचा मार्ग किन्नौरमधील रेकाँग पिओपासून सुरू होऊन सतलजच्या काठाने खाबपर्यंत, तिथून स्पिती नदीच्या सोबतीने ताबो, काझा, लोसर असा वर चढत कुंझुम खिंडीपर्यंत आणि खिंडीपलीकडे चंद्रा नदीच्या खोऱ्यातून ग्रामफूपर्यंत होता. खाब ते ग्रामफू हा राष्ट्रीय महामार्ग ५०५ आहे. पण लोसरच्या पुढे त्याचा बराचसा भाग खडी, गोटे आणि फुफाटा यांचाच आहे. ग्रॅव्हल बाईक अशाच रस्त्यांसाठी बनलेली असते: वळवलेले हँडल, डिस्क ब्रेक, चढासाठी हलके गिअर आणि रुंद टायर. मी आणि माझा जुना सायकलसोबती, आम्ही दोघांनीही ४५ मिलिमीटर रुंदीचे ट्यूबलेस टायर लावले होते. सप्टेंबरचा मध्य निवडण्यामागचे कारणही पाण्याचेच होते. जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरच्या बाजूला पावसाने दरडी कोसळतात आणि नाले तुडुंब असतात, तर ऑक्टोबरमध्ये कुंझुम कधी बंद होईल याचा नेम नसतो.

रेकाँग पिओ ते पूह

सायकली खोक्यांत भरून शिमल्यापर्यंत आणि तिथून बसच्या टपावरून रेकाँग पिओला आणल्या, त्या संध्याकाळी जोडून ठेवल्या आणि सकाळी उजाडताच पोवारीपर्यंतचा उतार उतरून सतलजच्या काठाला लागलो. हा रस्ता जुन्या हिंदुस्थान-तिबेट मार्गाचा वारसदार आहे. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या कारकिर्दीत १८५० मध्ये त्या मार्गाचे काम सुरू झाले होते. काही ठिकाणी उभा कडा आतून कोरून रस्ता काढलेला आहे, डोक्यावर खडकाचे छत आणि बाजूला थेट खाली गढूळ, राखाडी सतलज.

पिओच्या आसपास सफरचंदांचा हंगाम भरात होता. जसजसे पुढे सरकलो तसतशी हिरवाई आटत गेली. आधी देवदार संपले, मग चिलगोज्याचे पाइन विरळ झाले आणि स्पिलोच्या पुढे डोंगर पूर्ण उघडे पडले. एका वळणावर दरड साफ करण्याचे काम चालू असल्याने तासभर थांबावे लागले. सीमा सडक संघटनेच्या कामावरचे मजूर झारखंडमधील दुमका भागातून आलेले होते. त्यांच्यातील एका वयस्क मुकादमाने आमच्या टायरवर अंगठा दाबून पाहिला आणि हवा कमी असल्याचे सांगितले. ती मुद्दाम कमी ठेवली आहे, म्हणजे चाक दगडावर उडत नाही, हे समजावल्यावर तो म्हणाला, “मग ठीक आहे भैया, दगडाशी नरमाईनेच वागायला हवे.” दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाचे ते मत मी पुढे अनेकदा आठवले.

टायरमधील हवेबद्दल इथेच सांगून ठेवतो. समुद्रसपाटीला भरलेल्या टायरचा दाब ४,५०० मीटर उंचीवर गेजवर सुमारे ६ पीएसआयने (पीएसआय हे दाबाचे एकक) जास्त दिसतो, कारण बाहेरच्या हवेचा दाब उतरलेला असतो. त्यामुळे वर चढताना दर दोन दिवसांनी हवा तपासून थोडी सोडावी. पंप, सीलंटची (टायरमधले छिद्र आतून बुजवणाऱ्या द्रवाची) छोटी बाटली आणि प्रत्येकी एक जादा ट्यूब जवळ हवीच, कारण ट्यूबलेस टायर दुरुस्त करणारे दुकान या मार्गावर आम्हाला कुठेही दिसले नाही.

पूह ते नाको

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. लोखंडी पुलावर सायकल उभी करून खाली पाहिले तर दोन्ही प्रवाहांचे रंग काही अंतर वेगळे राहून मग एकमेकांत विरघळताना दिसतात. पुलापलीकडे सतलजचे खोरे उजवीकडे शिपकी ला ही खिंड आणि तिबेटच्या दिशेने वळते, आणि आपण डावीकडे स्पितीच्या घळीत शिरतो. पुढे ‘का’ नावाच्या गावाकडे जाणारी वळणे सुरू होतात. खाब ते नाको या तीसेक किलोमीटरमध्ये सुमारे १,२०० मीटरची चढाई आहे, सावलीला एक झाड नाही आणि डांबर असले तरी उन्हाने तापलेले. आम्ही सकाळी दहाच्या आत वळणांचा मोठा भाग मागे टाकला होता, म्हणून हा टप्पा सुसह्य झाला.

नाको सुमारे ३,६६० मीटरवर आहे. गावामागे हिमाचलमधील सर्वांत उंच शिखर, ६,८१६ मीटरचे रिओ पुरग्यिल उभे आहे आणि गावाच्या मधोमध विलो आणि पॉपलरच्या झाडांनी वेढलेले एक लहान तळे आहे. ज्या घरात उतरलो त्या घरच्या आजींनी ओगल्याच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाचे घावन, लोणी आणि जर्दाळूची चटणी असे ताट वाढले. घराच्या सपाट छतावर सफरचंदाच्या फोडी वाळत घातलेल्या होत्या. आजींना हिंदी थोडे येत होते, आमच्या गुडघ्यांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “आज जिना चढताना दम लागेल, उद्या लागणार नाही.” विरळ हवेशी जुळवून घेण्याचा वैद्यकीय सल्लाही याहून फार वेगळा नाही. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा संकेत आहे. पूहहून नाकोला ती मर्यादा ओलांडली जाते, म्हणून आम्ही नाकोत आणखी एक रात्र राहिलो. ताबो त्याहून खाली, ३,२८० मीटरवर असल्याने पुढचा मुक्काम शरीराला विसावा देतो, आणि किन्नौरच्या बाजूने स्पितीत शिरण्याचा हा मोठा लाभ आहे. मनालीकडून येणारे एका दिवसात थेट चार हजारांच्या वर पोहोचतात, आणि त्यातील अनेकांची पहिली रात्र डोके धरून बसण्यात जाते.

नाको ते ताबो

नाकोच्या पुढचा मलिंग नाला दरडींसाठी वर्षानुवर्षे कुप्रसिद्ध आहे. सहा वाजता तिथे पोहोचलो तेव्हा वरचा सारा घसारा, म्हणजे उतारावरची सुटी दगडमाती, थंडीने आवळलेला होता आणि रस्त्यावरून पाण्याची फक्त बोटभर धार वाहत होती. त्या शंभर-दोनशे मीटरच्या पट्ट्यात थांबायचे नाही, छायाचित्रे काढायची नाहीत, एकाने पार होईपर्यंत दुसऱ्याने वर नजर ठेवायची, एवढे पथ्य पाळून आम्ही निघून गेलो.

सुमदोच्या तपासणी चौकीवर ओळखपत्र पाहून नोंद केली जाते. भारतीयांना परवाना लागत नाही. परदेशी सोबत्यांना मात्र या सीमावर्ती पट्ट्यासाठी परवाना काढावा लागतो. सुमदोला पारेचू नदी स्पितीला येऊन मिळते. ही नदी भारतात उगम पावून तिबेटमध्ये जाते आणि पुन्हा भारतात येते. २००४ मध्ये तिबेटमधील तिच्या पात्रात दरड कोसळून एक सरोवर तयार झाले आणि जून २००५ मध्ये ते फुटून स्पिती आणि सतलजच्या काठचे पूल आणि रस्ते वाहून गेले. चौकीजवळच्या चहावाल्याने नदीच्या पात्रापासून बऱ्याच उंचीवरचा एक खडक दाखवला आणि पाणी तिथवर आले होते असे सांगितले. खाली संथ वाहणाऱ्या प्रवाहाकडे पाहून ते पटणे कठीण होते, परंतु दोन्ही काठांवर पसरलेले मोटारीएवढे गोटे त्या पाण्याच्या ताकदीची साक्ष देत होते.

ताबोचा मठ इ. स. ९९६ मध्ये स्थापन झाला. पश्चिम तिबेटमधील गुगे राज्याचा राजा येशे-ओ आणि महान अनुवादक रिन्चेन झांगपो यांच्या काळातील ही मातीची बुटकी, बाहेरून साधीसुधी वास्तू आत शिरल्यावर अवाक् करते. ‘हिमालयातील अजिंठा’ हे तिचे बिरुद मराठी माणसाला सहज भावते. पण इथली भित्तिचित्रे खडकावर नसून मातीच्या भिंतींवर आहेत, आणि जाड मातीचे छप्पर हजारभर वर्षे टिकले ते पाऊस नसल्यामुळे. मुख्य सभागृहाच्या भिंतींवर मातीच्या मूर्ती अधांतरी बसवलेल्या आहेत, त्यांच्यामागे निळ्या आणि गेरूच्या रंगांतील चित्रे आहेत, आणि उजेड छतातील लहान झरोक्यातून येतो तेवढाच. आत छायाचित्रे काढता येत नाहीत. छोटा टॉर्च मात्र जवळ ठेवावा. आम्हाला दार उघडून देणाऱ्या तरुण भिक्षूने सांगितले की, अलीकडे अवेळी पाऊस पडू लागल्यापासून छपराची डागडुजी वारंवार करावी लागते. पावसाशिवाय जगण्यासाठी बांधलेल्या घरांवर पाऊस पडू लागला तर काय होते, ही चिंता मला पुढे प्रत्येक गावात ऐकायला मिळाली.

ताबो ते धनकर

ताबोपासून शिचलिंगपर्यंतचा रस्ता नदीच्या रुंद पात्राला लगटून जातो. शिचलिंगहून धनकरला जाणारा आठ किलोमीटरचा चढ हा या प्रवासातील सर्वांत हलक्या गिअरवर सायकल न्यायला लावणारा तुकडा होता. वाऱ्याने माती झिजून उभे राहिलेले सुळके आणि त्यांच्या टोकावर टेकलेला जुना मठ असे धनकरचे दृश्य आहे. एके काळी ही स्पितीची राजधानी होती. २००६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने जगातील शंभर संकटग्रस्त स्थळांच्या यादीत या मठाचा समावेश केला. मठाच्या गच्चीवरून पिन आणि स्पिती नद्यांचा संगम दिसतो. अनेक धारांत विभागलेले पाणी, मध्ये वाळूची बेटे आणि दुपारी दोन वाजता अचानक त्या बेटांवरून उठलेले धुळीचे लोट, हे सारे आम्ही भिंतीच्या आडोशाला बसून पाहिले. स्पितीतला दुपारचा वारा वळणागणिक दिशा बदलतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबून अंतराचा हिशेब करू नये.

संध्याकाळी छर्म्याचा, म्हणजे काटेरी झुडपावर येणाऱ्या लहान नारिंगी फळांचा चहा मिळाला. आंबट, किंचित तुरट असा हा चहा दिवसभर धूळ खाल्लेल्या घशाला जो आराम देतो, तो साध्या चहाने मिळत नाही.

काझा आणि वरची गावे

काझा ३,६५० मीटरवर आहे. बाजारपेठ, रुग्णालय आणि एटीएम असलेले हे शेवटचे ठिकाण. एटीएममध्ये रोकड असेलच असे नाही, म्हणून पैसे शिमल्याहूनच आणावेत. इथे दोन रात्री राहून सामान खोलीवर ठेवले आणि रिकाम्या सायकलींनी लांग्झा, हिक्किम, कोमिक असा फेरा केला. संपूर्ण मार्गात केवळ सायकल चालवण्याचा आनंद म्हणून एकच दिवस निवडायचा असेल, तर मी हाच निवडेन.

काझ्यावरच्या वळणांनी आपण नदीच्या घळीतून एका विस्तीर्ण पठारावर येतो आणि दृष्टीला एकदम मोकळीक मिळते. मोटारींच्या चाकांनी पडलेल्या दोन चाकोऱ्या, मध्ये बारीक मुरमाची पट्टी, समोर ६,३०३ मीटरचे चाऊ चाऊ कांग निल्दा शिखर. चाकोरीतून जावे तर रस्ता पत्र्याच्या पन्हळींवर चालल्यागत हाडे खिळखिळी करतो. कोरड्या, सुट्या मातीवरून वेगाने जाणाऱ्या चाकांच्या उसळीने या आडव्या लाटा तयार होतात आणि प्रत्येक मोटार त्या अधिक खोल करते. मधल्या किंवा अगदी कडेच्या पट्टीवर लाटा नसतात, पण तिथे खडी सुटी असते. अशा वेळी वजन मागच्या चाकावर ठेवावे, हँडल सैल धरावे, नजर चाकाच्या दहा-पंधरा हात पुढे ठेवावी आणि ब्रेक वळणाच्या आधी लावावा, वळणात नव्हे. हे एकदा अंगवळणी पडले की पुढचे चाक स्वतःच वाट शोधते. ४,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५७-५८ टक्केच उरतो, त्यामुळे सपाटीवरही दम लागतो. पण त्या संथ वेगातच खडीचा आवाज ऐकून पुढची जमीन ओळखण्याची सवय लागली. करकर आवाज म्हणजे घट्ट मुरूम, सळसळ म्हणजे सुटी खडी आणि आवाज अचानक बंद झाला की समोर फुफाटा.

लांग्झाच्या भोवतालच्या काळ्या शेलमध्ये, म्हणजे पापुद्र्यांच्या गाळखडकात, अमोनाइट या शंखासारख्या प्राचीन समुद्री जीवाचे जीवाश्म सापडतात. भारतीय भूखंड आशियाला भिडण्यापूर्वी इथे टेथिस समुद्र होता आणि हे त्याच्या तळाचे गाळ आहेत. काही मुले मूठ उघडून ते चक्राकार दगड दाखवतात. ते विकत घेऊ नयेत, कारण मागणी वाढली की डोंगर पोखरला जातो.

लांग्झातच एका शेताच्या वरच्या अंगाला मातीच्या बांधाचे एक तळे दिसले. जवळ जव कापणाऱ्या बाईंना विचारले. त्यांनी विळा खाली ठेवून सविस्तर सांगितले, की वरच्या बर्फाचे पाणी कूल नावाच्या पाटाने दुपारनंतर गावाजवळ पोहोचते. ते रात्रभर या तळ्यात साठवतात, सकाळी तोंड उघडतात आणि ज्याची पाळी असेल त्याच्या शेतात सोडतात. तळ्याला झिंग म्हणतात. कोणत्या घराची पाळी कधी हे ठरलेले असते आणि त्यावरून भांडण झालेच तर गाव बसून मिटवते. यंदा बर्फ कमी पडला आणि वाटाण्याला शेवटचे पाणी मिळाले नाही, हे सांगताना त्यांचा स्वर बदलला. हिरवा वाटाणा हे स्पितीचे नगदी पीक आहे. मैदानात वाटाणा नसतो त्या दिवसांत तो इथून बाजारात जातो, आणि मुलांच्या शाळेची फी त्यातून निघते. पलीकडच्या खळ्यावर गुरांची पात धरून जवाची मळणी चालली होती आणि उडणारा भुसा उन्हात तरंगत होता. बाईंनी निघताना मूठभर भाजलेले जव आमच्या खिशात घातले. ते आम्ही पुढचे दोन दिवस चढावर चघळले, आणि कोणत्याही एनर्जी बारपेक्षा ते अधिक टिकले.

हिक्किमचे टपाल कार्यालय १९८३ पासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर चालू आहे. तिथून घरी पत्रे टाकली आणि ४,५८७ मीटरवरच्या कोमिकला गेलो. कोमिकच्या मठाजवळ गरम थुक्पा, म्हणजे नूडल्सचे तिबेटी सूप, खाऊन बाराच्या सुमारास परत फिरलो. त्या दिवशी सकाळी पायडलही न मारता ओलांडलेला एक ओहोळ परतताना ढोपरापर्यंत भरलेला होता.

की, किब्बर, चिचम, लोसर

४,१६६ मीटरवरच्या ‘की’ नावाच्या मठात सकाळच्या प्रार्थनेला थोडा वेळ बसलो आणि किब्बरमार्गे चिचमच्या पुलावर आलो. २०१७ मध्ये खुला झालेला हा पूल एका अरुंद, अतिशय खोल घळीवर आहे. त्यापूर्वी चिचमचे लोक तारेवरच्या पाळण्यात बसून ती ओलांडत असत. पुलाच्या कठड्याला टेकून खाली पाहताना त्या पाळण्यातून शाळेत जाणाऱ्या मुलांचा विचार आला आणि पूल किती मोठी गोष्ट असते हे उमगले. समोरच्या कड्यावर भरलांचा, म्हणजे हिमालयातील रानमेंढ्यांचा, एक कळप निवांत चरत होता.

चिचमहून उतरून मुख्य रस्त्याला लागलो आणि आकाश भरून आले. लोसरच्या अलीकडे भुरभुर बर्फ सुरू झाला. सप्टेंबरमध्ये हे अनपेक्षित नसले, तरी उघड्या माळावर बोटे बधिर होऊ लागली की मन धास्तावते. दोन जोड हातमोजे, त्यातील एक जलरोधक, आणि हँडलच्या बॅगेत सहज हाती लागेल असे जाकीट ठेवावे. लोसर ४,०७९ मीटरवर आहे. घरातील तंदूर, म्हणजे खोली उबदार ठेवणारी लोखंडी शेगडी, शेणाच्या गोवऱ्यांवर पेटलेली होती आणि तिच्याभोवती गावातले पाच-सहा जण दुसऱ्या दिवशी खिंड उघडी राहील की नाही यावर बोलत होते. त्यांचा निष्कर्ष एकच होता: आठच्या आत निघू नका, कारण गोठलेल्या पाण्याची काच रस्त्यावर असेल. पहाटे निघण्याचा आमचा नियम एका सकाळपुरता आम्ही आनंदाने बाजूला ठेवला.

कुंझुम आणि चंद्रताल

लोसरपासून कुंझुमपर्यंतचा चढ अठरा-एकोणीस किलोमीटरचा आहे, पण तीव्र नाही. रात्रीच्या बर्फाने खडी दबून घट्ट झाली होती आणि धूळ अजिबात नव्हती. खिंडीची उंची सुमारे ४,५५० मीटर. माथ्यावर कुंझुम मातेचे मंदिर आहे आणि इथून जाणारे प्रत्येक वाहन मंदिराला प्रदक्षिणा घालून पुढे जाते. आम्हीही सायकलींनी घातली. एका मालवाहू ट्रकच्या चालकाने काच खाली करून “जुले!” (इकडचा नमस्कार) म्हणत आम्हाला सुके खोबरे आणि खडीसाखरेचा प्रसाद दिला. खिंडीच्या एका अंगाचे पाणी स्पितीतून सतलजला आणि दुसऱ्या अंगाचे चंद्रा नदीतून चिनाबला जाते. पुढे दोन्ही सिंधूच्या प्रणालीत एकत्र येतात. समोर चंद्रभागा रांगेची हिमशिखरे एका ओळीत उघडी झाली होती.

उतरताना बातलच्या अलीकडे चंद्रतालचा फाटा लागतो. दरीच्या कडेने जाणारा हा अरुंद रस्ता टोकदार दगडांचा आहे. इथे हवा थोडी वाढवून घ्यावी, अन्यथा दगड रिमवर आपटतो. सरोवर ४,२५० मीटरच्या आसपास असून २००५ पासून रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ स्थळ आहे. तंबूंचे तळ त्यापासून काही अंतरावर ठेवलेले आहेत आणि काठावर मुक्कामाला मनाई आहे, हे अतिशय योग्य झाले आहे. सायकली बाहेर ठेवून पायी प्रदक्षिणा केली. तास-दोन तासांत पाण्याचा रंग राखी, निळा, हिरवा असा बदलत गेला. रात्री बाटल्यांतील पाणी गोठले. पाणी गाळण्याचा फिल्टर अशा रात्री झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपावे, कारण आतले पाणी गोठले की तो निकामी होतो.

बातल, छतडू, ग्रामफू

शेवटचा टप्पा सर्वांत खडतर. बातल ते छतडू हे एकतीस किलोमीटर अंतर सायकलला संपूर्ण सकाळ पुरते, कारण रस्ता म्हणजे अनेक ठिकाणी हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांचाच थर आहे. वाटेत नदीपलीकडे बडा शिग्री या हिमाचलमधील सर्वांत मोठ्या हिमनदीचे खोरे उघडते.

नाले ओलांडण्याबद्दल विस्ताराने लिहितो, कारण इथेच माणसे अडचणीत येतात. हिमनदीच्या पाण्यात दळलेल्या खडकाची पूड असते, त्यामुळे वीतभर खोलीचाही तळ दिसत नाही. प्रवाह अरुंद दिसतो तिथे तो खोल आणि वेगवान असतो. म्हणून जिथे तो पसरट झाला आहे ती जागा शोधावी. आधी एकाने सामान न घेता, काठीने तळ चाचपत जाऊन यावे. बूट काढू नयेत, कारण थंडीने बधिर झालेल्या पायाला दगड कळत नाही. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवून तिरके चालावे आणि सायकल आपल्या खालच्या अंगाला धरावी, म्हणजे पाण्याने ती ढकलली तरी आपल्यावर येत नाही. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चार वेळा दाबून पॅडमधली पूड झटकावी. ती कानशीसारखे काम करते, आणि धातूमिश्रित पॅडही या टप्प्यात झपाट्याने झिजतात.

छतडूच्या तंबूवजा ढाब्यावर आम्ही दीड वाजता पोहोचलो. पुढचा नाला तेव्हा पिवळट फेसाने उसळत होता आणि तळाशी दगड घरंगळल्याचा घुमणारा आवाज काठावर ऐकू येत होता. दोन मोटारसायकलस्वार मधोमध अडकले होते आणि सहा-सात जण दोर टाकून त्यांना ओढत होते. आम्हीही हात लावला. ढाब्याच्या मालकीणबाईंनी ओल्या झालेल्या त्या मुलांना आधी चुलीपाशी बसवले, मग सगळ्यांना राजमा-भात वाढला आणि आमच्या सायकली तंबूत घ्यायला लावल्या. “पाणी आता नाही ऐकणार, भैया. पाच वाजता उठवते,” एवढेच त्या म्हणाल्या. त्यांनी खरोखरच पाच वाजता उठवले. त्याच नाल्यात त्या वेळी घोट्याएवढे पाणी होते, काठच्या दगडांवर बर्फाचा पातळ पापुद्रा होता आणि आम्ही तो चार मिनिटांत ओलांडला.

छतडू ते ग्रामफू सतरा किलोमीटर. ग्रामफूला डांबर लागते आणि तिथून कोकसर जवळ आहे. पुढे रोहतांगचा चढ चढायचा नसल्यास कोकसरला पिकअप गाडी ठरवून ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यातून मनालीला उतरता येते. आम्ही तेच केले.

गाडीची वाट पाहत ग्रामफूच्या फाट्यावर उभे असताना अकराच्या सुमारास दोन तरुणी ग्रॅव्हल बाईकवर सामान लादून मनालीच्या बाजूने आल्या. त्यांना त्याच दिवशी बातल गाठायचे होते. आम्ही त्यांना ढाब्याची जागा, प्रत्येक नाला कोणत्या बाजूने पसरट आहे आणि कोणत्या गोट्यांच्या रेषेने पाय टाकावा हे कागदावर काढून दिले, आणि छतडूला थांबून पहाटे पुढे जाण्याचे सुचवले. त्यांनी घड्याळ पाहिले, आपसांत थोडे बोलल्या आणि थोरलीने ढाब्याच्या मालकीणबाई रात्री जेवण किती वाजता वाढतात ते विचारून घेतले.